अकोट ते अमरावती, वाटेत पाच बाभळी

बाबांची लघवी थेंबावर आली, तेव्हा अमरावतीला जायचे ठरले. वर्षापूर्वी त्यांचे प्रोस्टेटच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले होते. आता आतल्या व्रणाने लघवीची वाट आखडली होती. अमरावतीचे एक डॉक्टर चिरफाड न करता, सळया घालून ती मोकळी करतात, असे कळले. ते साधले नाही, तर पुन्हा पोट उघडून जन्माची नळी.

"नळी घेऊन मी अकोटात फिरत नाही," बाबा म्हणाले.

सकाळची पहिली एस.टी. धरावी. दाराजवळ बसावे. अंजनगावचा चहा टाळावा. बाबांनी दोन कप घेतले. पथ्रोटच्या अलीकडे त्यांनी माझा दंड धरून कंडक्टरला सांगितले, "जरा थांबवा. पोराले जायाचं हाये."

मी एकवीस वर्षांचा, ठणठणीत. पण बाबांच्या कपाळावर घाम होता, म्हणून उतरलो. बाभळीआड दोघे उभे राहिलो. मला लागलीच नव्हती, त्यांना लागूनही होत नव्हती. चौदा मिनिटे गेली. वलगावपर्यंत असे पाच थांबे झाले.

"लगन झालं का तुमचं?" कंडक्टरने मला विचारले. नाही म्हणताच म्हणाला, "घाई नोका करू."

मागच्या बाईंनी मला धन्याच्या पाण्याचा उपाय सांगितला. बाबा लक्ष देऊन ऐकत होते.

दवाखान्यात वळकटी आपली न्यावी. डॉक्टरांनी सुन्न करायचे औषध आत सोडून वाकड्या पोलादी सळया घातल्या, आधी बारीक, मग जाड. मी दाराबाहेर होतो. आतून बाबांचा आवाज आला.

"अजून किती हायेत?"

"तीन."

"मंग मोजून नोका सांगू."

तिसऱ्या दिवशी मोरीतून बाबांच्या धारेचा असा आवाज आला, की वॉर्डातले दोन म्हातारे बोलायचे थांबले. वाट पुन्हा आखडू शकते, दोन महिन्यांनी या, असे डॉक्टरांनी बजावले.

परतीला कंडक्टर तोच. चढताना बाबांनी त्याला सळयांची हकिगत माझ्या नावावर सांगितली, ती त्याने गाडीभर केली. पथ्रोटजवळ त्याने कोणी न सांगता गाडी थांबवली. "उतरा भाऊ." बाबांनी मला कोपराने ढोसले. त्यांना एक मिनिटही लागले नाही. गाडीतल्यांनी माझे अभिनंदन केले.

आठवड्याने अंजनगावचे एक गृहस्थ घरी आले. ते त्याच गाडीत होते. पत्ता कंडक्टरकडून मिळवलेला. टोपी हातात धरून त्यांनी मला हळूच विचारले, सळया फार दुखतात का. मी उत्तर जुळवत होतो, तोच बाबा ओसरीवरून उठले.

"त्याले काय इचारता? सळया मले घातल्या. बसा."

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा निघालो; अंजनगावला ते गृहस्थ येऊन मिळाले. तिथे बाबांनी आणि त्यांनी चहा घेतलाच. पहिल्या बाभळीशी बाबांनी कंडक्टरला हाक मारली.

"थांबवा. आमाले दोघाले जायाचं हाये. पोरगा बसते."