मॅचिंग सेंटरच्या काउंटरवरचे मासे

सरोजाक्का आज सकाळी गेल्या. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण जिंकलेलं होतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अग्रहारातलं त्यांचं मॅचिंग सेंटर म्हैसूरच्या बायकांना सांगायला नको. साडी घेऊन जायचं, ब्लाउजपीस घेऊन यायचं.

अक्का ट्यूबलाइटखाली कधी रंग ठरवत नसत. साडी उचलून थेट दुकानाच्या पायरीवर, उजेडात. पीस शेजारी धरायचा आणि म्हणायचं, "आय्तु, झालं, हाच."

त्यानंतर दुसरं दुकान बघायला कुणी जात नसे.

हा झाला धंदा. जीव मात्र माशांत.

मासेही कसले, तर ड्वार्फ सिक्लिड. बोटाएवढे. पिढ्यान्‌पिढ्या निवडून लालभडक केलेले नव्हेत, दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांतून पकडून आणलेले जंगली.

माशांच्या दुकानात एकदा असे थोडे आले. मासे पाळणाऱ्यांच्या क्लबच्या लोकांनी रंगीत तेवढे उचलले. उरले दोन. नर राखाडी, शेपटीवर एकच लाल ठिपका. मादी मळक्या फडक्यासारखी.

दुकानदार म्हणाला, ही जोडीच नाही, दोघं वेगळ्या जातीचे दिसतात.

अक्कांनी दोघांनाही घरी आणलं. मला, त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाला, फोन करून सांगितलं की पांढऱ्या वाळूवर, भगभगीत लाइटखाली कुणीही फिकटच दिसणार. वर माझ्या लग्नाच्या फोटोंचं उदाहरण दिलं.

मग काळी वाळू. बदामाची वाळकी पानं. पाणी अगदी कोऱ्या चहासारखं.

हळूहळू नराच्या अंगावर निळी झाक चढली. मादीनं करवंटीच्या आत अंडी घातली आणि स्वतः लिंबासारखी पिवळीधमक झाली. नवऱ्याला कोपऱ्यात बसवलं.

खरी गंमत पिल्लं मोठी झाल्यावर.

एकाची शेपटी लाल. एकाची निळसर. एकाला नुसते ठिपके. एक हुबेहूब बाप, राखाडी.

अक्का ती सगळी घेऊन क्लबच्या प्रदर्शनात गेल्या. घरी वाढवलेल्या माशांना तिथं वेगळं बक्षीस असतं.

क्लबचा सेक्रेटरी प्रसन्न. माणूस चांगला, पण बोलायला लागला की समोर कोण आहे ते बघत नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "अक्का, ही एका घरची पिल्लं नाहीत. तुम्ही चार ठिकाणची mix केलीत."

अक्का म्हणाल्या, "प्रसन्ना, एका ताग्यातलं कापड एका रंगाचं असतं. एका आईची पोरं नसतात."

लोक हसले. पण एन्ट्री बाद झाली ती झालीच.

परत येताना ऑटोत मी शेजारी होते. घर जवळ आल्यावर मला म्हणाल्या, "इतकी वर्षं रंगावर खोटं बोलले नाही ग. आता माशावर बोलेन होय, अल्वा?"

बक्षीस गेल्याचं काही नव्हतं. शब्द गेला होता. आणि त्यांचं दुकान शब्दावर चालत होतं.

दुसऱ्या दिवशी ती राखाडी जोडी टाकीसकट दुकानाच्या काउंटरवर आली. ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यांशेजारी.

प्रसन्नला निरोप गेला: ये, स्वतःच्या हातानं झाकण बंद कर.

तो आला. झाकणाच्या चारी बाजूंना टेप, टेपवर सही. वर एक भोक ठेवलं. खाणं त्या भोकातून, शाईच्या ड्रॉपरनं. पाणी बदलायचं तेही तिथूनच, सलाइनच्या नळीनं. बाहेरून मासा आत टाकायला जागाच नाही.

काउंटरच्या त्या बाजूची ट्यूबलाइट बंद. बायका कुरकुरल्या, इथं काही दिसत नाही म्हणून. अक्कांनी त्यांना पायरीवर पिटाळलं.

आणि मादी पुन्हा पिवळी झाली.

सगळ्या अग्रहाराच्या देखत अंडी, सगळ्या अग्रहाराच्या देखत पिल्लं. फॉल-पिको करायला आलेल्या बायका तास-तास उभ्या. कुणाची शेपटी लाल होणार यावर गजऱ्याच्या पैजा लागल्या. जांभळ्या पीसचं माप देता देता अक्का मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "नोडी, नोडी, बघा तो डावीकडचा."

प्रसन्न संध्याकाळी चक्कर मारायचा. आधी सही तपासायचा, मग कॉफी प्यायचा. पुढं पुढं सही तपासायचं विसरायला लागला. अक्का मुद्दाम आठवण करून द्यायच्या.

पिल्लं वाढली. रंग उमटले.

एक लाल. एक निळं. एक ठिपक्यांचं. एक राखाडी. आणि एक असं पिवळट की अक्कांच्या दुकानातसुद्धा त्या रंगाला नाव नव्हतं.

त्या संध्याकाळी प्रसन्ननं टेपवरची सही नीट तपासली, मग एकेक पिल्लू. दुकानात गर्दी होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ओप्कोंडे, अक्का."

मान्य केलं.

क्लबच्या पुढच्या प्रदर्शनात ती टाकी झाकणावरच्या सहीसकट स्टेजवर ठेवली. पहिलं बक्षीस. अक्का ते घ्यायला गेल्या तेव्हा अर्धं सभागृह त्यांच्या गिऱ्हाइकांनी भरलं होतं, आणि टाळ्या काही थांबेनात.

खाली उतरल्यावर प्रसन्ननं हळूच विचारलं, दोन लाल शेपटीवाले मिळतील का, अगदी सारखे.

"सारखं पाहिजे तर ब्लाउजपीस घे. मासा जसा आहे तसा न्यायचा."

आणि त्याला सगळ्यात राखाडी नर दिला, सगळ्यात मळकी मादी दिली. त्यानं मुकाट नेले.

आज अक्कांच्या दारात तो भेटला. डोळे लाल. म्हणाला, त्या दोघांची नातवंडं-पतवंडं आता टी. नरसीपूरपर्यंत पोचली आहेत. लोक अजून फोन करतात, सर, एकसारखी जोडी हवी.

मी विचारलं, मग तुम्ही काय सांगता?

"अक्का सांगायच्या तेच."

सरोजाक्का, तुम्हाला सगळ्या अग्रहाराचा नमस्कार. मान ताठ ठेवून जा.