समुद्रातला अळणी मासा

काल मुरबे गावात, आमच्या घरी सून बांगड्यांना मीठ लावत होती, आणि त्या वासासरशी मी थेट चौथीच्या वर्गात जाऊन बसले बघा. तेव्हा मी बाईंना विचारलं होतं, "मासा जनमभर खाऱ्या पान्यात ऱ्हातो, मग तो अळणी कसा?"

अख्खा वर्ग खिदळला. "कोल्याची पोर, न एवढं ठाव नाय!" शेजारची काशी ओरडली. पुन्हा म्हणून तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. खडू ठेवून म्हणाल्या, "मलाही माहीत नाही गं. कुणाला माहीत आहे?"

एवढ्या शिकलेल्या बाई, आणि भर वर्गात असं म्हणाल्या! मी बघतच राहिले. त्याला केवढी छाती लागते, ते आत्ता कुठं कळतंय.

तेवढ्यात काशीनंच हळूच हात वर केला. "बाई, मी पन एक इचारू?"