पंचमीच्या फेरात माझा हात

"शके, सोड तिचा हात! सणासुदीचं परत न्हायला लावतीस का?"

शकूची चुलती लिंबाखालून ओरडली. शकूनं हात असा झटकला, जशी इंगळीच चढली. मग परकराला पुसला. माझ्यादेखत.

नागपंचमी. पोरींचा फेर. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल, पालमकडचं आमचं गाव. मी नववीत. घर आमचं बौद्धाचं. बाबा बजावायचे, "ते सण आपण सोडलेत. तिकडं फिरकू नको." पण मी मोठी शहाणी! दरसाल चोरून जायची. फेरापासून लांब उभी राहून गाणं सांगायची, बाकीच्या हातात हात घालून फिरायच्या. वाटायचं, मीच ह्यांची पुढारीण. काय तो तोरा!

त्या खेपेला मात्र सरळ फेरात शिरले. दुष्काळात शकू अन् मी एकाच कामावर होतो. तिच्या बापाला जमीन होती, पण पाऊसच न्हाई तर जमीन घेऊन करतो काय? रस्त्याच्या कामावर खडीचं घमेलं आम्ही हातोहात पुढं द्यायचो. तिच्या हाताला फोड आले तेव्हा चिंधी मी बांधली. मला वाटलं, विटाळ दुष्काळातच मेला. येडीच होते. जित्राबं मेली. तो न्हाई मेला.

चुलती एकदम गोड झाली. "तू तिथूनच म्हण की बाई. तुझ्या गळ्याला कुठं विटाळ हाय?"

सगळ्या हसल्या. शकूपण.

मग मी काय केलं? ताठ मानेनं निघून गेले? छे! मुकाट जागेवर गेले अन् गाणं म्हटलं. अख्खं. वर मान वाकडी करून बघत होते, शकू माझ्याकडं बघते का. ती बघत नव्हती.

"आता दुसरं म्हण. पोरी थांबायल्यात," चुलतीनं फर्मावलं.

"म्हणायची न्हाई." माझं मलाच ऐकू आलं नाही.

"दातखीळ बसली का गं?"

"म्हणायची न्हाई."

वाटलं, आता ह्यांचं अडेल. शकूनंच गाणं धरलं, बेसूर, अन् फेर फिरला. कुणाचं काही अडलं नाही. घरी सांगायची सोय नव्हती. बाबा म्हणाले असते, गेलीसच कशाला? तिथं मी नको होते, अन् घरात चोर.

पुढच्या पंचमीला शकू आमच्या वस्तीच्या कडेला येऊन उभी राहिली. "चल की गं. तुझ्याबिगर मजा न्हाई."

अनवाणी पळत सुटावं, असा जीव ओढत होता. तरी विचारलं, "हात धरून नेतीस का?"

ती खाली बघत राहिली. "आता तसं कसं गं?"

"मग जा."

गेली. मी दाराआड बसून रडले. लिंबाखालचं गाणं ऐकू येत होतं. पोरी ओळीमागून ओळ चुकत होत्या, अन् मी मनातल्या मनात दुरुस्त करत होते, ओठ आवळून. एकही ओळ त्यांना दिली नाही. देणारही नाही.