गाठ दाखवायचा ट्रे

अकोल्याच्या आमच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं थिएटर सिस्टर आहे. बायकांची ऑपरेशनं रोजचीच, आणि किस्सेही रोजचेच. मी विसरायचं म्हटलं तरी नातेवाईक विसरू देत नाहीत.

आमच्याकडे काढलेली गाठ ट्रेमध्ये ठेवून बाहेर दाखवावी लागते. नाही दाखवली तर ऑपरेशन झालंच नाही असं धरतात. एका नवऱ्यानं तर फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली चौघांनी ‘अभिनंदन’ लिहिलं!

*

पातूरची शोभा आली ती वाढलेलं पोट घेऊन. लग्नाला आठ वर्षं, मूल नाही. त्यामुळे पोट दिसताच सासूबाईंनी कुणालाही न विचारता तीन महिने तिला चिंचा-बोरं खाऊ घातली होती.

सोनोग्राफीत ओटीपोटात मोठी गाठ निघाली, आणि त्या गाठीच्या आत लहान लहान गाठी. आमच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरी कुत्रा आहे का?

सासूबाई म्हणाल्या, "काहून? तिले त चावला नाही."

*

गाठ जंताची होती. ऑपरेशनआधी महिनाभर गोळ्या दिल्या. त्या पाहून सासूबाई भडकल्या. शाळेत पोरायले वाटतात त्याच गोळ्या द्यायच्या तर एवढा मोठा दवाखाना कशाला, असं त्यांनी अख्ख्या ओपीडीला विचारलं. मीही ऐकून घेणारी नाही. म्हटलं, मग शाळेतच न्या.

शोभाचं मात्र एकच. अमरावतीला कुणीतरी तिला सगळंच काढावं लागेल म्हणून सांगितलं होतं. रोज विचारायची, "सिस्टर, गर्भपिशवी राहीन ना?" मला खोटं बोलवेना. पाहू म्हणायची, आणि मग दिवसभर जिवाला चैन नसायचं.

*

ही गाठ फुटली तर आतलं पाणी पोटात सांडतं आणि नव्या गाठी होतात. ऑपरेशनच्या दिवशी मॅडमनी गाठीभोवती मिठाच्या पाण्यात भिजवलेली कापडं लावली आणि बजावलं, कुणी बोलायचं नाही.

आमचे भुलीचे डॉक्टर आपल्या संत्र्याच्या बागेवर बोलले नाहीत तर त्यांचाच बीपी वाढतो. पण तासभर गप्प! गाठ अख्खी बाहेर आली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "आता बोलू?"

*

ट्रे मीच बाहेर नेला. गर्भपिशवी जागेवर आहे म्हटल्याबरोबर सासूबाई बाकावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून, ही गाठ आली कुठून, ते विचारलं. मॅडमनी समजावलं, कुत्र्याची घाण हाताला लागते, हाताची तोंडात जाते, आणि गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते.

घरचा मोत्या सासूबाईंचा लाडका. त्याची घाण रोज सकाळी काढायची शोभानं, तीही सासूबाईंच्याच हुकमानं.

संध्याकाळी शोभा शुद्धीवर आली तशा सासूबाई कॉटजवळ गेल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"मोत्याचं आता मी करत जाईन."

शोभानं डोळेही उघडले नाहीत. म्हणाली, "हात साबणानं धुजा, आत्याबाई."