आधी सांगा, मग टोचा

आक्कांना मी शेवटचं भेटले तेव्हा त्या एका शिकाऊ डॉक्टरशी भांडत होत्या. अंगात ताप, आवाज बसलेला, तरी हात चादरीखाली लपवून बसलेल्या. "आधी सांग बाळा, मग टोच." पोरगा गोंधळला, मग स्टूल ओढून बसला आणि रक्त कशासाठी घ्यायचं ते त्यानं नीट सांगितलं. तेव्हा कुठं आक्कांनी हात पुढं केला आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. चार दिवसांनी त्यांच्या भाच्याचा फोन आला... आक्का गेल्या. मी फक्त 'बरं' म्हणाले आणि दिवसभर त्या 'बरं'वर चिडून होते.

पद्मा आक्का बेळगावात आमच्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर होत्या. माहेर सदलग्याचं, जैन शेतकरी घर, कानडी आणि मराठी सारख्याच ठसक्यात. सूर्य मावळायच्या आत जेवण, हा नेम त्यांनी ड्युटीतही सोडला नाही. मी त्याच वॉर्डातली डॉक्टर. काही वर्षांपूर्वी मी परदेशातली एक प्रश्नावली हाती घेतली. आजारी मुलांच्या घरच्यांना दवाखान्याची वागणूक कशी वाटली, हे मोजणारी. ती मराठीत आणायची, दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घेऊन ताडून बघायची आणि मग आपल्या माणसांकडून ती खरं उत्तर काढते का ते तपासायचं, असं ते काम होतं. मराठी मी मोठ्या दिमाखात केलं होतं. 'आपल्या पाल्यास मिळालेल्या शुश्रूषेबाबत आपण कितपत समाधानी आहात?' आक्कांनी वाचलं आणि विचारलं, "हे कुणाच्या आईला विचारणार तुम्ही?"

मी ऐकलं नाही. मुलाला घरी सोडायच्या दिवशी सगळ्यांना कागद आणि पेन दिले. झाडून सगळे 'अतिशय समाधानी'! मी पेढे वाटायच्या बेतात होते. आक्का म्हणाल्या, "पोरगं अजून आमच्या खाटंवर हाय आणि कागूद मीच गोळा करतीया. वाईट कोण लिवंल? आन् पेन दिला की बायकांचं हात कापत्यात, बघितलासा न्हाय?" खरंच मी बघितलं नव्हतं. आमच्या वॉर्डात आईच्या हातात पेन एकदाच यायचा, ऑपरेशनच्या आधी, सहीसाठी. मग आक्कांनी स्वतः पेन्सिली आणल्या, ब्लेडनं तासल्या, युनिफॉर्म उतरवून साधी साडी नेसल्या आणि माझ्या स्कूटरवर मागं बसल्या. मुलं घरी गेल्यावर, घरी जाऊनच विचारायचं ठरलं.

वडगावातलं एक विणकराचं घर मला आयुष्यभर पुरेल. आम्ही बोलायला बसलो म्हणून नवऱ्यानं माग बंद केला. बायको सुरेखा. तिनं कागदावर पेन्सिलीनं भराभर खुणा केल्या, सगळं उत्तम. आक्कांनी कागद बाजूला सारला. "ऱ्हाऊ दे गं. दवाखान्यात काय काय झालं, ते सांग." सुरेखानं पोराला मांडीवर ओढलं. बाहेर उजेड उतरत चालला, पिशवीत आक्कांचा डबा तसाच होता. मी खुणावलं, तर कानात म्हणाल्या, "जेवण ऱ्हाऊ द्या. ती आता बोलंल."

आणि ती बोलली. "पोराच्या पाठीत सुई घातली. कशाला घातली, मला अजून ठावं न्हाय. सगळी आपसात इंग्रजीत बोलत हुती. मला वाटलं, पोरगं आता चालत न्हाय. तीन दीस त्याचं पाय चेपत बसले मी."

ती सुई माझी होती. मेंदूत ताप गेला आहे का, हे बघायला मी पाठीतलं पाणी काढलं होतं. पहिल्याच झटक्यात जमलं म्हणून खूशही झाले होते. सुई घालताना तोंडाला मास्क असल्यानं आता तिनं मला ओळखलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "सुई तुमची, पण पोराला वाकवून धरलं ते हात माझं. मी तरी कुठं बोलले?"

उत्तरं टिकतात का हे बघायला पंधरा दिवसांनी त्याच लोकांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात. सुरेखा आक्कांना म्हणाली, "इसरलासा व्हय सगळं?" त्या दिवशी मी तिला सांगितलं, सुई मीच घातली होती, आणि कशासाठी तेही. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग तवाच सांगायचं की!" म्हणाली आणि चहा टाकायला उठली. त्या चहाइतका कडू चहा मी प्यायलेला नाही. साखर भरपूर होती.

त्यातून सतरावा प्रश्न आला, परदेशी कागदातल्या सोळांत नसलेला. 'बाळाला काय करणार आहेत, हे करायच्या आधी तुम्हाला कळेल अशा बोलीत कुणी सांगितलं का?' याच प्रश्नाला आमचे गुण धडाधड घसरले. मीटिंगमध्ये एक साहेब म्हणाले, "हा काढू या, दवाखान्याचं नाव खराब होतं." आणि मी, खोटं कशाला लिहू, मान डोलवायला लागले होते. आक्का उभ्या राहिल्या. "पेन्सिलीनं लिवलंय म्हणून खोडता येतंय, असं समजू नगा. प्रश्न काढलासा तर ह्या कामातनं माझं नाव पण काढा. आन् मग मी प्रत्येक खाटंपाशी जाऊन तोंडानं इचारीन." मला माझी लाज वाटली, आणि त्यांचा अभिमान. प्रश्न राहिला.

आता आक्का नाहीत, तेव्हा अडवायला कुणी नाही, असं धरून चालणारे लोक आहेत. मागच्या आठवड्यात माझ्या टेबलावर पत्र आलं : प्रश्नावली लांबते, सतरावा प्रश्न गाळण्यास आपली संमती कळवावी, खाली सही करावी. माझ्या कोटाच्या खिशात त्यांच्या पेन्सिलीचा तुकडा असतो, ब्लेडनं तासलेला, बोटभर उरलेला. पत्रावरच त्यानं लिहिलं, 'नाही. प्रश्न राहील.' मग पेन घेतला आणि खाली सही केली. हात थरथरला नाही.