माईक बंद कर

गेम खेळणाऱ्या सगळ्यांनो, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितोय.

आज सकाळी गेमने माझ्या वर्षाचा आढावा दाखवला. किती मॅच, किती किल, आणि सगळ्यात जास्त कुणासोबत खेळलो, तर घोडेगावचा दोस्त. नाव अमोल समजा. मी लगेच स्टेटसला टाकलं.

दुपारी मॅचमध्ये अमोलकडून भांडं आपटल्याचा आवाज आला, मग फटके, मग त्याच्या बायकोचं ओरडणं. वर्षभर हे असंच यायचं. तो फोन स्पीकरवर ठेवून खेळतो. मी दरवेळी सांगायचो, माईक बंद कर, शत्रूची पावलं ऐकू येत नाहीत. तो बंद करायचा आणि आम्ही पुढचा गडी मारायचो.

आज त्याने माईक बंद केला नाही. "डोकं फुटलं" असं ऐकलं आणि मी सोनईहून गाडी काढली. घर विचारत विचारत पोचलो.

दार वहिनींनीच उघडलं. कपाळावर दाबलेला पदर रक्ताने भिजला होता. अमोल पळाला होता. वहिनींची आणि माझी ही पहिलीच भेट. मी म्हटलं, "वहिनी, दवाखान्यात चला."

त्यांनी विचारलं,

"आवाज वळखीचा हाय. माईक बंद कर म्हननारे तुमीच ना?"