व्हर्नाची एकटीची सभा

व्हर्ना होलुबेकने बावीस वर्षं माणसं उचलली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात आणि तिथून परत पलंगावर. टेकडीवरच्या वृद्धाश्रमातले निम्मे म्हातारे खाली नदीकाठच्या पोलादाच्या गिरणीत जन्म काढलेले, हाडापेराने दणकट. त्यांना दोघींनी मिळून उचलायचं, असा तिथला नियम होता. मालक बदलले आणि दोघींच्या जागी एक झाली. दुसऱ्याच महिन्यात श्टेफन नावाचे आजोबा एका नव्या बाईच्या हातून निसटले, खुबा मोडला आणि तीन आठवड्यांत गेले. व्हर्नाने मालकांना पत्र लिहिलं, पाच जणींच्या सह्या घेतल्या आणि आपली सही सगळ्यांत वर केली. शुक्रवारी पत्र दिलं, सोमवारी तिला कामावरून काढलं.

उरलेल्या पाच जणींनी तोंडाला कुलूप लावलं. त्यांना तरी काय बोलणार? गिरणी कधीच बंद पडली होती, गावात दुसरं काम नव्हतं.

व्हर्ना मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने वॉशिंग्टनच्या सरकारी कामगार मंडळाकडे तक्रार केली, आणि वर्षभराने मंडळाचा निकाल आला. व्हर्नाला कामावर परत घ्या. शिवाय, एकत्र येऊन तक्रार केली म्हणून यापुढे कुणालाही काढणार नाही, अशी नोटीस मालकाच्या सहीने साठ दिवस भिंतीवर लावा. पगारापेक्षा व्हर्नाला त्या नोटिशीचं अप्रूप जास्त. कुठली भिंत तेही तिने मनाशी ठरवलं होतं. दारातून आत गेलं की समोरच्या हजेरीच्या घड्याळाखालची. तिथेच त्या पाच जणी रोज हजेरीचं कार्ड घालायच्या. येता-जाता डोळ्यांत भरली असती.

मालक कोर्टात गेले. व्हर्ना खोटं बोलते, असं ते म्हणालेच नाहीत. ते म्हणाले, हे मंडळच खोटं आहे.

मंडळाचे वकील पिंकस यांनी तिला फोनवर समजावलं. "हे बघा मिसेस होलुबेक, मंडळावर माणूस नेमायचा तर राष्ट्राध्यक्षांना सिनेटची संमती लागते. सिनेट सुट्टीवर असेल तरच ते एकट्याने नेमू शकतात. पाचांपैकी तीन सभासद त्यांनी असेच नेमले."

"मग? सुट्टी नव्हती का?"

"तीच तर गंमत आहे. सगळे सिनेटर आपापल्या घरी गेले होते. पण दर तीन दिवसांनी एक जण रिकाम्या सभागृहात यायचा, लाकडी हातोडा आपटायचा, सभा सुरू म्हणायचा आणि लगेच तहकूब म्हणायचा. अर्धं मिनिट. आता मालकांचं म्हणणं असं, की सभा चालू होती, सुट्टी नव्हतीच. म्हणजे तिघांची नेमणूक बाद, मंडळाचा कोरम बाद आणि तुमचा निकालही बाद. पोरखेळ आहे झालं. हसून सोडून द्या."

व्हर्ना हसली नाही.

कारण हाच खेळ तिने स्वतः केला होता. गावच्या अग्निशमन दलाच्या महिला समितीची ती अठरा वर्षं चिटणीस. समितीचा नियम असा, की उन्हाळ्यात सभा बंद असताना एखादी जागा रिकामी झाली, तर अध्यक्षीणबाई एकटीने कुणालाही नेमू शकते. एरवी सगळ्यांचं मत लागतं. अध्यक्षीण पेग आपल्या मैत्रिणींची वर्णी लावायला टपलेली. म्हणून समितीने युक्ती काढली: उन्हाळ्यात सभा बंदच करायची नाही. व्हर्नाचं घर हॉलच्या समोर. दर गुरुवारी तिने कुलूप उघडायचं, हातोडा आपटायचा, सुरू म्हणायचं, तहकूब म्हणायचं आणि वहीत लिहायचं, 'सभा भरली.' तेवढ्यात चुलीवरची कॉफीसुद्धा उतू जात नसे.

एका जुलैत स्वयंपाकघराची प्रमुख वारली आणि पेगने डार्लीन यानोशला नेमलं. डार्लीनचा नवरा त्याच हिवाळ्यात गेला होता, घर खायला उठत होतं. गावच्या जत्रेत तिने तीन दिवस कोबी-शेवयांची घमेली परतली, घामाने निथळली. चौथ्या दिवशी व्हर्नाने वही उघडून दाखवली. सभा चालू होती, नेमणूक बाद.

"रिकाम्या खुर्च्यांपुढे हातोडा आपटतेस आणि त्याला सभा म्हणतेस?" डार्लीन म्हणाली होती.

"वहीत लिहिलंय," व्हर्ना म्हणाली होती. त्यानंतर पाच वर्षं दोघींत बोलणं नव्हतं.

जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायाधीश एका बाजूला. सिनेट जेव्हा म्हणते सभा भरली, तेव्हा भरली. तीन दिवसांची फट म्हणजे सुट्टी नव्हे. पिंकस म्हणाले, "धीर सोडू नका. आता रीतसर संमती घेतलेलं नवं मंडळ बसलंय. तुमचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून बघतील."

"किती दिवस?"

"ते मला सांगता येणार नाही."

त्या संध्याकाळी व्हर्ना डार्लीनच्या दारात जाऊन उभी राहिली. डार्लीनने तिला पायरीवरच बसवलं, आत ये म्हटलं नाही. व्हर्नाने सगळं सांगितलं. डार्लीन शेंगा निवडता निवडता ऐकत होती.

"मग कोर्ट चुकलं का?"

"नाही. कायद्याने बरोबरच आहे."

"आणि माझ्या वेळी तू?"

व्हर्नाने मान खाली घातली. "तेव्हाही बरोबरच होतं."

"मग रडतेस कशाला, बाई?"

"श्टेफन आजोबा पडले होते गं. त्यांना एकटीने उचलायला लावलं म्हणून पडले. इतक्या वर्षांत त्याबद्दल कोर्टात कुणी एक शब्द विचारला नाही."

"माझ्या शेवया कशा झाल्या होत्या, तेही कुणी विचारलं नव्हतं," डार्लीन म्हणाली. आत जाऊन तिने कॉफीचे दोन कप आणले.

ऑक्टोबरात मालकांनी वृद्धाश्रमच बंद केला. म्हाताऱ्यांना तीन गावांत वाटून टाकलं. त्या पाच जणींपैकी दोघी पिट्सबर्गला गेल्या, बाकीच्या कुठे गेल्या कोण जाणे.

डिसेंबरात जाड पाकीट आलं. नव्या मंडळाने तोच निकाल दिला होता, जुन्यातलाच शब्दन् शब्द, फक्त खालच्या सह्या वेगळ्या. कामावर परत घ्या. सोबत नोटिशीचा नमुना जोडलेला, मालकाच्या सहीची जागा कोरी.

डार्लीनने गाडी काढली. दोघी टेकडीवर गेल्या. दाराला साखळी होती. काचेतून समोरची भिंत दिसत होती, घड्याळ काढून नेलं होतं, नुसता खिळा राहिला होता. व्हर्नाने नोटीस काचेवर बाहेरून धरली आणि डार्लीनने चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"वाचणार कोण?" डार्लीनने विचारलं.

व्हर्नाने सुटू पाहणारा एक कोपरा अंगठ्याने दाबून बसवला. फेब्रुवारीत ती बर्फातून एकटीच पुन्हा वर चढली. तिने नखाने चिकटपट्टी सोडवली, कागद घडी करून कोटाच्या खिशात घातला आणि घरी आली. साठ दिवस झाले होते.